बावीस खोकी, एकच शब्द

३ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोज एक इंग्रजी शब्द. हेड स्टोअरकीपरची जागा रिकामी आहे आणि साहेबांना इंग्रजी फाडणारी माणसं आवडतात. आजचा शब्द: मल्टिफेरियस. म्हणजे नाना तऱ्हेचं. आमच्या स्पेअर पार्टच्या स्टोअरसाठीच जन्मलाय!

४ फेब्रुवारी
कालचाच शब्द चालू. बायकोच्या भाजीला मल्टिफेरियस म्हणालो. तिने ताट उचललं. भाजीत नुसता बटाटा होता, हे मान्य.

६ फेब्रुवारी
सोमवारी इन्स्पेक्शन. खोक्यांवर मावशींची लेबलं: 'बारीक वॉशर', 'पंपाचं मोठं सील'. मावशी माझ्या हाताखाली अकरा वर्षं आहेत, पण शोभेचं काही कळत नाही. त्या घरी गेल्यावर सगळी लेबलं काढली. खोकी उंचीप्रमाणे लावली. बावीसच्या बावीस खोक्यांवर सुंदर इंग्रजी अक्षरात मल्टिफेरियस. आत नाना तऱ्हेचाच माल आहे, तेव्हा चूक शून्य.

९ फेब्रुवारी
साहेब आले, पाहुणे आले आणि नेमका तेव्हाच पंप गळायला लागला. फिटर सील मागायला धावत आला. मावशींनी सवयीने हात घातला, तर स्प्रिंगा. पाऊण तास खोकी उपडी करत होतो. साहेबांनी विचारलं, हा उद्योग कुणाचा? माझ्या तोंडातून निघून गेलं, मावशींचा. मावशी सांडलेल्या स्प्रिंगा गोळा करू लागल्या. साहेब त्यांना म्हणाले, उद्या केबिनमध्ये या.
हाताखालच्यांनी थोडं सोसायचंच असतं. (हे वाक्य खोडावं.)

१० फेब्रुवारी
मावशी केबिनमधून आल्या आणि गुपचूप लेबलं लिहायला बसल्या. नोकरीचं काय झालं, विचारायची हिंमत नाही. त्यांनीच विचारलं, त्या शब्दाचा अर्थ काय हो? सांगितला. म्हणाल्या, चांगलाय की. मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा तसाच परत आणला. उद्या साहेबांकडे कबुली. नक्की.

११ फेब्रुवारी
साहेब घाईत होते. म्हणजे, असावेत. मी जिन्यावरूनच परत फिरलो.

१२ फेब्रुवारी
फिटरपासून वॉचमनपर्यंत सगळे फार अदबीने बोलतात. जागा बहुधा मलाच. तरी लाज काही जात नाही.

१३ फेब्रुवारी
गेलो एकदाचा. म्हणालो, साहेब, तो उद्योग माझा होता. साहेब मान वर न करता म्हणाले, माहीत आहे. मावशींना इंग्रजीचं एक अक्षर लिहिता येत नाही, हे वर्कशॉपमध्ये तुमच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक आहे. पण मावशींनीच हात जोडून सांगितलं होतं, कुणी बोलू नका, ते स्वतःच सांगतील.
चार दिवस सगळे वाट बघत होते.