पाणमांजराच्या पोटात

३ ऑक्टोबर, शनिवार

आज एका पोराने माझी शेपूट चावली. चक्क चावली! त्याची आई वाकून वाकून माफी मागत होती — आणि आत मला हसू आवरेना. पण मी ज्याच्या वेषात नाचते त्या दोम्पेई पाणमांजराला आवाज नसतो, हा या करमणूक बागेचा पहिला नियम. मग पोट धरून नुसती गदागदा हलले. लोकांना वाटलं, काय अभिनय! टाळ्या पडल्या.

दोम्पेईच्या तोंडाच्या जाळीतून मला जवळ आलेल्या लोकांचे फक्त बूट दिसतात. बाकी सगळं माझे जोडीदार कुसाकाबे-सान बघतात. हात धरून नेतात, माझ्या वतीने बोलतात, वीस मिनिटं झाली की कानाशी म्हणतात, "चला दोम्पेई, मासे खायची वेळ झाली," म्हणजे आत जाऊन वेष उतरवायची. साठी उलटलीय, पण पोरांपुढे माझ्याहून जास्त नाचतात.

शाळेत मला बुटकी म्हणून चिडवायचे. इथे त्याच उंचीवर नोकरी मिळाली. घ्या!

११ ऑक्टोबर, रविवार

आईचे बूट!! मरून रंगाचे, कापडी, उजव्या अंगठ्यावर रफू. थेट माझ्यासमोर येऊन थांबले.

मी ऑफिसात कागद लावते असंच आईला सांगितलंय. चाळिशीची बाई, नवऱ्याला सोडून आलेली, आणि शेपूट लावून नाचते — यावर ती काय म्हणेल ते मला पाठ आहे.

"दोम्पेई-सान, बसते हं जरा," म्हणाली आणि बाकावर बसली. "वर्षाचा पासच काढलाय. घरात करमत नाही. तुमचं बरंय, तुम्ही उलट बोलत नाही. आमची लेक चिझुरुही बोलत नाही म्हणा — पण तिचं न बोलणं वेगळं."

मी काय करणार? शेपूट हलवली.

१४ ऑक्टोबर, बुधवार

घरी. "भात झालाय." "हं." "आंघोळीचं पाणी तापलंय." "हं." झाल्या गप्पा.

१८ ऑक्टोबर, रविवार

आई परत आली!

"मुलगी दर महिन्याला चेस्टनटची वडी आणते. घशाखाली उतरत नाही हो! पण इतक्या हौसेने आणते, सांगू कशी?"

दोन वर्षं! दोन वर्षं मी लांब जाऊन, रांग लावून ती वडी आणतेय! आत हसून हसून कोलमडले. कुसाकाबे-सान ओरडले, "दोम्पेईला गुदगुल्या झाल्या!"

२० ऑक्टोबर, मंगळवार

घरी भाजलेली रताळी नेली. आई बघतच राहिली. "आज रताळी कशी काय?" "अशीच." तिने तीन खाल्ली.

२५ ऑक्टोबर, रविवार

आज आई येऊन बाकावर टेकली. मग म्हणाली, "दोम्पेई-सान, मुलगी बॅग घेऊन परत आली त्या दिवशी मी दारातच म्हटलं, 'लोकांना काय सांगू आता?' खरं तर मला एवढा आनंद झाला होता! फोनवर ती रडायची नाही, पण आवाज रडका असायचा. आली, सुटली एकदाची, असं वाटलं — आणि तोंडातून भलतंच निघालं. दोन वर्षं झाली. आता कुठल्या तोंडाने माफी मागू?"

तिचा हात मी पंजात घेतला. एवढंच करता येत होतं. आत धारा लागल्या होत्या. घामाच्याच म्हणू.

वीस मिनिटं कधीच उलटून गेली होती. कुसाकाबे-सान काही म्हणाले नाहीत.

१ नोव्हेंबर, रविवार

आई आली नाही. चार वेळा बाकाशी जाऊन आले. कुसाकाबे-सान म्हणाले, "दोम्पेई आज रुसलाय."

घरी तिला सांगायचं ठरवलं. तोंड उघडलं आणि म्हटलं काय — "सूप छान झालंय." धन्य मी!

३ नोव्हेंबर, मंगळवार

सुट्टी, तुफान गर्दी. साहेबांनी बातमी दिली — दोम्पेईची आजी येणार, नवा वेष! आतलं माणूस रविवारी निवडलंय. "वयस्कर बाई आहे, पण नाचात पोरींना गार केलं. आणि उंची तुझ्याहूनही कमी!" माझ्याहून बुटकं कुणीतरी! घरी येईपर्यंत शीळ घालत होते.

७ नोव्हेंबर, शनिवार

आजीसोबत पहिली तालीम. दोघी पूर्ण वेषात. काय नाचते! कंबर अशी हलवते की कुसाकाबे-सान बोलायचंच विसरले. नाच संपला. आजीने धापा टाकत डोकं काढलं, काखेत धरलं आणि मला वाकून नमस्कार केला.

आई.

"दोम्पेई-सान, ओळखलंत ना? सांभाळून घ्या हं. घरी लेकीला अजून सांगितलं नाही. हसेल ती मला."

मी दोन्ही हातांनी माझं डोकं उचललं.