रोवण्याची शिदोरी आणि पाच हजार लिटरची टाकी

ब्रह्मपुरी, गुरुवार

आदरणीय श्रावणमामा यांना त्यांच्या बहिणीच्या पोरीचा, खुशबूचा, मनापासून जयभीम. मामीचा गुडघा कसा आहे? ऊर्जानगरच्या वीज केंद्राची राख कमी झाली म्हणता (मामी म्हणते, वाळलेले कपडे अजून झटकूनच घालावे लागते). आई बरी आहे. मी बी बरी आहे, अन् नोकरी गेली तरी बरीच राहीन, हे आधीच लिहून ठेवते. फोनवर तुमी मले बोलू देत नाई, म्हणून हे पत्र.

तुमी टाईप करून धाडलेला माफीनामा भेटला. ‘मी अडाणी पद्धतीने काम केले, क्षमा असावी’ असं लिहून खाली सहीच्या जागी पेन्सिलनं फुली बी मारून देली. मामा, सही होणार नाई. काऊन नाई, ते आता बसून वाचा.

कपडे धुवायच्या पावडरीत टाकाचं एन्झाइम आमी बनवतो, अंड्याचा नाई तं रक्ताचा डाग खाणारं. म्हणजे बनवते जिवाणू, पाच हजार लिटरच्या टाकीत, सोयाबीनचा भुगा अन् साखरेचं पाणी खाऊन. मी फक्त त्याईले सांभाळते म्हणा (वास असा, की पोरीचं नाव खुशबू काऊन ठेवलं म्हणून आई पस्तावते). नवीन आलेल्या रोशन सायेबानं भिंतीवर तक्ता लावला, दर तासाले इतके लिटर साखर. आता भूक काय घड्याळ पाहून लागते का? टाकीत ऑक्सिजन किती उरला ते सांगणारं मीटर आहे. जीव जेवून राह्यले की दणकून श्वास घेते, आकडा खाली जाते. खाणं संपलं की आकडा एकदम वर चढते. तेव्हा द्यावं, अन् थोडंच द्यावं. साखर जास्त झाली की ते नुसते वाढते, एन्झाइम बनवत नाई.

हे मले कॉलेजात समजलं नाई. तुमची बहीण मनकर्णा वीस वर्षं धानाच्या रोवण्याच्या बायांची मुकादम होती, हे तुमाले सांगायची गरज नाई. बाया कंबर सरळ करून धुऱ्याच्या बांधाकडे पाहाले लागल्या की आई शिदोरी सोडे, थोडी थोडी. एकदम पोटभर वाढलं तं धुऱ्यावरच आडव्या होत (मी स्वतः झाली आहे). मी मीटरचा आकडा तसाच पाह्यला. ही तुमची अडाणी पद्धत.

मागच्या मंगळवारी मी तक्ता सोडून आकड्यावर चालली. दुपारी सायेब आले, त्याईनं ऑक्सिजन तळाले गेलेला पाह्यला अन् बॅच मेली, नालीत सोडा म्हणाले. मी सांगितलं, मेली नाई, जेवून राह्यली. ऐकतील तं सायेब कसले. मग मी टाकी रिकामी कराच्या खालच्या व्हॉल्वपुढं स्टूल टाकला, डबा उघडला अन् जेवाले बसली. जेवणाऱ्या बाईले उठवाची त्याईची हिंमत झाली नाई. रागारागात त्याईनं ऑक्सिजन वाढवाले घुसळणी पूर्ण जोरात केली. फेस येईल म्हणून मी ओरडून राह्यली होती. फेस मारायचं तेल कपाटात बंद, चाबी सापडेना. फेस वरच्या नळीतून निघाला तो थेट सायेबाच्या अंगावर (दुसऱ्या दिवशी त्याईच्या शर्टावरचा अंड्याच्या रश्श्याचा डाग गेला होता, हळद तेवढी राह्यली. हळद खाणारं एन्झाइम आमच्याकडं नाई).

उरलेल्या बॅचमंदी एन्झाइम नेहमीच्या दीडपट निघालं. तरी मले कारखान्याचा कागद आला, येत्या सोमवारपर्यंत माफी लिहून द्या, नाई तं कामावर येऊ नका. अन् काल भिंतीवर नवीन तक्ता लागला, ‘ऑक्सिजन चढताच थोडी साखर द्यावी’. खाली सही रोशन सायेबाची. बापा, काय हिंमत म्हणावं! ज्या पद्धतीची मी माफी मागाची, तीच भिंतीवर. मी नाई मागत.

मामीले जयभीम सांगजा.

तुमची हट्टी भाची,
खुशबू

ता. क. तेलाच्या कपाटाची चाबी माझ्याच पिशवीत होती, लाखोरीच्या डाळीच्या डब्याखाली. परवा सापडली. त्या चाबीची माफी मी माझ्या अक्षरात लिहून ठेवली आहे. ती देईन. त्यात ‘अडाणी’ शब्द नाई.

आणखी एक. हा कागद पालटून पाहा, मागं तुमचाच माफीनामा आहे. दुसरा टाईप करू नका. सोमवारी नऊ वाजता कारखान्याच्या फाटकाजवळ या. बोलायचं काही नाई, बोलीन मीच, तुमी नुसते बाजूले उभे राहा. आई बी येते. तिनं माझ्याकडून नवा तक्ता वाचून घेतला अन् म्हणाली, “याच्यात माझं नाव कुठी आहे?” हेच ती सायेबाले विचारणार आहे. मामा, मले लय भेव वाटून राह्यलं. तुमी याच.