शेवटचा हात थांबेपर्यंत

वैशाख शुद्ध द्वितीया, शके १८२२

आज सकाळी धारेहून बैलगाडीने कुंडीखेड्यास सुखरूप पोहोचलो. चित्त अत्यंत प्रसन्न आहे. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात बत्तीस वर्षे मी पंगती चालविल्या. माझे शिक्षण मराठी चौथ्या इयत्तेपर्यंतचेच. तरी माझ्या पंगतीत कधी कमीजास्त झाल्याचे कोणी दाखवून द्यावे. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी दुष्काळपीडित भिल्लांच्या अन्नछत्राची व्यवस्था माझ्याकडे सोपविण्यात आली, हा मी माझा सन्मान समजतो. येथे दवाखान्याची एक झोपडी, तीत कंपौंडर कृष्णराव. स्वयंपाकास देवासच्या उमाबाई व हाताखाली चार वाढपी. आणि पळसांच्या विरळ सावलीत सुमारे दोनशे माणसे, ज्यांच्या फासळ्या लांबून दिसतात. सायंकाळी त्यांच्यासमोर उभे राहून मी वचन दिले की, माझ्या पंगतीतून कोणीही उपाशी उठणार नाही.

शुद्ध तृतीया

येथील रीत पाहून मन विटले. जो येईल त्याच्या तोंडी कृष्णराव मक्याची पातळ पेज घालतात. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत, वाटीवाटीने. असे तर गुरांनाही कोणी घालीत नाही. मी चुन्याच्या रेघा मारवून चार ओळी आखल्या. यापुढे दुपारी एकच पंगत. सर्व पत्रावळींवर खिचडी वाढून मी 'हर हर महादेव' म्हणेपर्यंत कोणी पानाला हात लावावयाचा नाही. शेवटचा हात थांबेपर्यंत कोणी उठावयाचे नाही. कृष्णराव म्हणाले की, वाढण्यासच दोन तास लागतील, आणि ही पोटे तितका वेळ तग धरणारी नाहीत. उमाबाईंनी तर चुलीपाशी बसूनच टोमणा मारला, "अहो गणपतराव, ही काय लग्नाची पंगत आहे? आता विहिणींचे रुसवेही काढा!" मी पुन्हा रेघा तपासावयास गेलो. मी पंगतीत बसत नाही. मी पंगत चालवितो.

शुद्ध पंचमी

थावरी नावाची भिल्लीण चौथ्या ओळीच्या टोकाला बसते. तिने आज घोषापूर्वीच खिचडीचे एक शीत उचलून मांडीवरच्या वर्षाच्या मुलीच्या ओठांस लावले. मी स्वतः जाऊन तिची पत्रावळ उचलली व पंगत आटोपेपर्यंत तिला रिकाम्या जमिनीसमोर बसविले. ती रडली नाही. माझ्या हाताकडे पाहत राहिली. मागाहून कृष्णरावांनी तिला पेज देऊ केली, तीही मी थांबविली. एकीच्या शिक्षेने दोनशे माणसे शहाणी होतात.

शुद्ध षष्ठी

आज पंगत निर्दोष झाली. सर्वांचे हात थांबले. केवळ थावरीचे पान भरलेले व मान खाली. नियमाप्रमाणे मी वाट पाहिली. माझ्याबरोबर दोनशे माणसांनीही पाहिली, उघड्या उन्हात. अखेर कृष्णरावांनी तिची नाडी धरली. ती वाढण्याआधीच गेली होती. मुलगी मात्र वाढतेवेळी जिवंत होती, असे उमाबाई म्हणतात. ओळींत आणखी सात जण आडवे झाले. यात नियमाचा दोष नाही.

शुद्ध अष्टमी

थावरीची जागा रिकामी ठेविली होती. तरी वाढप्याने तेथे पत्रावळ मांडली. विचारता म्हणाला की, बाई बसली आहे. मी त्यास दटाविले. जेवणे झाली, मी उठण्याची आज्ञा दिली. कोणी उठेना. सर्वांच्या माना चौथ्या ओळीच्या टोकाकडे. एक म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, वा अबी जीमी नी." ती अजून जेवली नाही.

मी पाहिले. ती बसली होती. मांडीवर मूल, समोर भरलेले पान, नजर माझ्या हातावर.

शुद्ध नवमी

कालची पंगत अजून बसलेली आहे. पाणी दिले तरी तोंड उघडत नाहीत. कृष्णराव माझ्या पाया पडले. म्हणाले, नियम मोडीत काढला असे जाहीर करा, तुमच्याच तोंडचे ऐकतील. बत्तीस वर्षांत मी माझा शब्द — नाही म्हणालो. दुपारपर्यंत बावीस गेले. बसल्या जागी. पडले नाहीत.

शुद्ध दशमी

अखेर ओरडून सांगितले. नियम रद्द. उठा. घसा फुटेपर्यंत सांगितले. कोणी — उशीर झाला होता. ज्यांच्यात धुगधुगी होती असे अकरा जण कृष्णरावांनी गाडीत घातले. वाढपी आधीच पळाले. जाताना उमाबाई म्हणाल्या, "बसा आता तुमच्या पंगतीत."

गाडीत जागा होती. मी गेलो नाही. पंगत बसलेली असता चालविणाऱ्याने जाणे शिष्टाचारास —

शुद्ध द्वादशी

भर दुपार. चारही ओळी भरलेल्या. कृष्णरावांनी गाडीतून नेले ते अकराही. चूल परवापासून थंड, तरी प्रत्येक पानावर वाफ. थावरीच्या शेजारी एक पत्रावळ जास्त. त्या पत्रावळीसमोर मी बसलो आहे. केव्हा बसलो ते —

शुद्ध त्रयोदशी

उठता येत नाही. तिचे पान भरलेलेच. भूक. अशी भूक असते हे मला — घोष मीच करावयाचा. सारे माझ्या तोंडाकडे पाहतात. जीभ टाळूला —

शुद्ध चतुर्दशी

'हर हर' इतकेच निघाले. पुढचे निघेना. हात आवरला नाही. एक शीत. एकच —

साऱ्या माना वळल्या. थावरीने मूल खाली ठेविले. तिचा हात माझ्या पत्रावळीखाली —