वीतभर उंचीवर

ता. ९ जानेवारी

चि. टेप हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी आज उत्तराला बसलोय. कान पकडलेत असं समज आणि पुढे वाच.

इकडे सगळं ठीक. बंदरात मला नवी क्रेन दिली आहे, चाळीस मीटर उंच. केबिनच्या तळाला काच आहे, पायाखाली थेट बोटीच्या मालाचे मोठे लोखंडी डबे आणि माणसं दिसतात. खाली अजून आपला शिट्टीच असतो. मी उतरवलेल्या डब्याचे खटके लावायचे आणि हाताच्या खुणांनी मला ‘सावकाश’, ‘थांब’ सांगायचं, हे त्याचं काम. एकोणीस वर्षं तो खाली आणि मी वर. एप्रिलमध्ये दर दोन वर्षांची तपासणी आहे, पण त्याची चिंता नाही. डॉक्टरांच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता कधी बदललेलाच नाही, मला शेवटच्या ओळीपर्यंत पाठ आहे.

आता खरी बातमी. मी रिमोटची विमानं सोडली. होती नव्हती ती क्लबातल्या लोकांना वाटून टाकली, बाबांचं पिवळंसुद्धा. नवं खूळ वेगळं आहे. रिमोटवरच चालतं, पण पाण्यात तरंगत नाही आणि आभाळातही जात नाही. पाण्यापासून वीतभर उंचीवर उडतं आणि तिथेच राहतं. पंख आखूड आणि रुंद असतात, त्यांच्याखाली हवा दाबली जाऊन तिची गादी होते. यान वर जाऊ लागलं की गादी पातळ होते आणि ते खाली येतं, खाली आलं की गादी घट्ट होते आणि ते वर उचललं जातं. क्लबातला रेडिओ दुरुस्तीवाला म्हणाला, हे धड बदक नाही आणि धड घारही नाही. तुझ्या वहिनीचं म्हणणं एवढंच, की जेवायच्या टेबलावरचा फोमचा भुगा जेवणाआधी आवरला जावा.

पंखांवर चढवायला हलकं कापड हवंय. तुमच्या तंबूंच्या कारखान्यात तुकडे उरत असतील. मापं सोबतच्या कागदावर दिली आहेत, मिलिमीटरमध्ये.

माया आहेच, ती पार्सलमधून दिसू दे.
तुझा दादा

---

ता. १८ जानेवारी

ती. दादास,
कृ. सा. न.

पत्र मिळालं. फोनवर तू ‘बरं, ठेवतो’ याच्यापुढे जात नाहीस, म्हणून मी कागदाला धरून आहे.

कापड पाठवतेय. पॅराशूटचं आहे, फुंकरीने हलतं, पण ओढून बसवलंस तर ढोलासारखं ताणून राहील. कडेला दोन बोटं जास्त सोडली आहेत. तुझा मापांचा कागद मी कटाईच्या टेबलावर लावला तेव्हा आमच्या मुकादमबाई म्हणाल्या, भाऊ इंजिनियर आहे वाटतं. मी म्हटलं, नाही हो, हा माणूस दाराची चौकट नुसती बघून पडदा आणायचा आणि पडदा बसायचा. मला टेप हे नाव याच माणसाने ठेवलं, कारण मी मोजल्याशिवाय कात्री लावत नाही. तू जन्मात पहिल्यांदा मोजपट्टी हातात घेतलीस, दादा. काय झालं तुला?

आणि पिवळं विमान का दिलंस? मला विचारलं असतंस तर मी घेऊन गेले असते. बाबा गेल्यावर मी घरातली एक वस्तू मागितली नाही, कारण मला वाटायचं पिवळं तुझ्याकडे आहे म्हणजे आहे. वाईट वाटलं, ते लिहून टाकते, नाहीतर आत राहील.

बाकी मजेत. यान उडालं की कळव. न उडालं तर आधी कळव, मला हसायचंय.

लोभाची पट्टी आखडू नये.
तुझी टेप

---

ता. ११ फेब्रुवारी

चि. टेप हीस,
अ. उ. आ.

हस आता. पहिल्या दिवशी जुन्या खाणीच्या तळ्यावर गेलो, वारा नव्हता, पाणी आरशासारखं. यान वीस हात छान गेलं, मग नाक वर केलं, सरळ उभं राहिलं आणि पाठीवर पडलं. दुसऱ्या दिवशी तेच. या यानांची खोड अशी, की हवेच्या गादीतून सुटली की नाक वर करतात. शेवटी बॅटरी पुढे सरकवली, शेपटी दीडपट केली आणि उंच दांड्यावर बसवली, पंखांच्या वाऱ्यापासून लांब. तेव्हापासून शहाणं झालंय. काल तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. खाली पाण्यावर नुसती रेघ उमटते. तुझं कापड टिचकी मारली तर वाजतं.

सगळ्यात सुख कशाचं सांगू? विमान उतरवताना जीव मुठीत असायचा, जमीन किती खाली आहे हे सारखं ताडावं लागायचं. गेल्या पावसाळ्यानंतर मी तीन विमानं जमिनीत घातली. इथे उंचीकडे बघावंच लागत नाही. ती यान स्वतःच सांभाळतं. मी नुसतं डावं-उजवं करतो.

कामावर किरकोळ कटकटी. गेल्या आठवड्यात एक डबा जरा जोरात टेकला, शिट्टी खालून ओरडला. वारा होता. घरी तुझ्या वहिनीने निमुळत्या तोंडाचे कप आणलेत, चहा ओतताना निम्मा बशीत जातो, आणि बोलणी मी खातो.

पिवळ्याबद्दल आता काही लिहीत नाही. झालं ते झालं.

आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
तुझा दादा

---

ता. २० फेब्रुवारी

ती. दादास,
कृ. सा. न.

तुझी दोन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. एकेकटं वाचलं तर काही नाही, पण शेजारी ठेवली की कापड कुठे कमी पडलंय ते दिसतं.

मोजपट्टी न वापरणारा माणूस मिलिमीटर लिहितो. वीस वर्षं विमानं उतरवणारा तीन विमानं जमिनीत घालतो, मग उरलेली वाटून टाकतो आणि असलं यान शोधतो की ज्यात उंची बघावी लागत नाही. चहा कपाच्या बाहेर जातो. डबा जोरात टेकतो. तपासणीचा तक्ता पाठ आहे म्हणून चिंता नसते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्याला रांजणवाडी झाली होती, आठ दिवस पट्टी होती. त्या आठ दिवसांत मला सुईत दोरा ओवता आला नाही. दोरा प्रत्येक वेळी सुईच्या पुढून नाहीतर मागून जायचा, आणि मला मात्र तो भोकातच दिसायचा. कात्री तर बाईंनी हातातून काढूनच घेतली.

दादा, तुला एका डोळ्याने दिसत नाही.

चुकत असेन तर मला मोठ्याने हस, मी वाईट वाटून घेणार नाही. पण आधी एक कर. पेन एका हातात धर, टोपण दुसऱ्या हातात, हात लांब ठेव आणि एका झटक्यात टोपण लाव. मग एकेक डोळा झाकून बघ. वहिनीला मी काही कळवलेलं नाही, हे तूच सांगायला हवं. पण तू चाळीस मीटर वर बसतोस आणि खाली शिट्टी उभा असतो, ते मला स्वस्थ बसू देत नाही. मला तुझा राग आलाय आणि तुझ्यासाठी भीतीही वाटतेय, दोन्ही एकदम.

उत्तराची वाट बघतेय, लोभ गृहीत धरून.
तुझी टेप

---

ता. ३ मार्च

चि. टेप हीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. बावीस वर्षं क्रेन चालवणाऱ्याला तंबू कापणारीने शिकवू नये. असले खेळ करायला मला वेळ नाही.

कापड उत्तम बसलंय.
दादा

---

ता. ८ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न.

टोपण लागलं की नाही, ते तू लिहिलेलं नाहीस.

पंधरा तारखेपर्यंत वाट बघते. मग तुमच्या सुपरवायझरना पत्र टाकते. त्यानंतर तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर टाक, मी रडेन आणि सहन करेन. पण उद्या काही झालं आणि शिट्टीच्या बायकोसमोर जायची वेळ आली, तर ते माझ्याने होणार नाही. तुझ्यानेही होणार नाही, मी तुला ओळखते.

तुझीच,
टेप

---

ता. १२ मार्च

चि. टेप हीस,
अ. उ. आ.

तुझं आठ तारखेचं पत्र परवा मिळालं. मी त्याच्या आदल्या दिवशीच क्रेनवरून उतरलो होतो. हे आधी सांगतो, नाहीतर सगळं श्रेय तुझ्या धमकीला जाईल.

टोपण मी तुझं आधीचं पत्र आलं त्याच दिवशी लावून बघितलं होतं, बाथरूमचं दार लावून. उजवा डोळा झाकला तर नुसतं धुकं. डावा झाकला काय आणि उघडला काय, टोपण हवेतच. ऑक्टोबरपासून हे असं आहे. ते रागाचं पत्र मी त्यानंतर लिहिलं. मला वाटत होतं, एवढा सराव आहे, निभेल.

रविवारी शिट्टीला यान दाखवायला तळ्यावर नेलं. परत येणारं यान उचलून घ्यायला तो घोटाभर पाण्यात उभा राहिला, माझ्यापासून दहा पावलांवर. यान सरळ त्याच्याकडे येत होतं. उंची ते सांभाळत होतं, पण अंतर त्याला सांभाळता येत नाही, ते मलाच बघायचं होतं. मला ते अजून चांगलं लांब दिसत होतं. शिट्टीने हात वर केला, ‘थांब’ म्हणून. मी मोटरी बंद करेपर्यंत ते त्याच्या नडगीवर आदळलं होतं. पंख्याच्या पात्याने कापलं, चार टाके पडले.

दवाखान्यात मी त्याला विचारलं, समोरून येताना दिसत होतं तर बाजूला का नाही झालास. तो म्हणाला, “तू थांबतोसच की. म्हणून हललो नाही.”

सोमवारी वर गेलो, खुर्चीत बसलो. पायाखालच्या काचेतून तो लंगडत जागेवर येताना दिसला. तो माझ्यापासून किती खाली आहे ते मला सांगता येईना. किल्ली काढली आणि उतरलो. सुपरवायझरना सगळं सांगितलं, तक्त्याचंसुद्धा. मग शिट्टीला सांगितलं. तो पाय दुखतोय म्हणून घरी गेला. तुझ्या वहिनीला सांगितलं तेव्हा ती रडली, आणि त्याच संध्याकाळी रुंद तोंडाचे कप घेऊन आली.

डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मागची शीर बंद झालेली आहे. लवकर आलो असतो तर काही वाचलं असतं, आता जे आहे ते आहे. मला लाज वाटते, टेप. तुझ्यासमोर वाटते त्यापेक्षा शिट्टीसमोर जास्त.

माझ्यावर रागाव, पण पत्र बंद करू नकोस.
दादा

---

ता. २१ एप्रिल

चि. टेप हीस,
अ. उ. आ.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. त्या धमकीबद्दल एवढी माफी मागू नकोस, उलटं होतंय.

चौकशी झाली, ताकीद मिळाली आणि मला आखणीच्या टेबलावर बसवलं. कुठला डबा बोटीत कुठे बसेल हे कागदावर ठरवायचं. सगळं मापात असतं, अंदाजाला जागाच नाही. तुला हे काम फार आवडलं असतं. क्रेनकडे पाठ येईल अशी खुर्ची मी मागून घेतली, पण आवाज येतोच. आवाजावरून मला कळतं डबा कसा टेकला ते. नवा पोरगा सावकाश टेकवतो.

शिट्टी महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. गेल्या रविवारी मी तळ्यावर एकटाच यान जोडत होतो, तर तो आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात जाऊन त्याच जागी उभा राहिला. मी नको म्हटलं. त्याने हाताने खूण केली, ‘येऊ दे’. मी यान सोडलं. या वेळी मी यानाकडे बघितलंच नाही, नुसतं त्याच्या हाताकडे बघत होतो. ‘सावकाश’ झालं, मी हळू केलं. ‘थांब’ झालं, मी थांबलो. यान त्याच्या पायापासून हातभर अलीकडे पाण्यावर टेकलं. त्याने ते उचललं, उलटं करून पाणी झटकलं आणि म्हणाला, कापड छान बसलंय, कोणी दिलं. मी म्हटलं, बहिणीने.

रविवारी कधी मोकळी असशील तर ये. मायेत काटछाट नसावी.
तुझा दादा

ता. क. पिवळं विमान मी कोणाला दिलेलं नाही. खोटं लिहिलं होतं. ते समोर दिसलं की उडवावंसं वाटायचं, म्हणून खोक्यात बांधून माळ्यावर टाकलं होतं. आता तुझ्या नावाची चिठ्ठी लावली आहे. तुझ्या कपाटावर मावेल की नाही ते बघ. मापं सोबत आहेत, मोजपट्टीने घेतलेली.