खडूची तारीख

रुखमावहिनी, जयभीम.

मी जावा बेटावर, धूर ओकणाऱ्या ज्वालामुखीच्या काठावर बसलो आहो. तुमचा राजदीप खाली उतरला आहे. पोरानं मले एवढ्या हौसेनं फिरायले आणलं, अन् मी त्याले अडवू शकलो नाई.

काठावर एक फळी आहे. तिच्यावर खडूनं आजची तारीख अन् कोणाची तरी सही. राजदीप म्हणाला, "काकाजी, तपासणी झाली, तारीख आहे ना!"

मी म्हणलो, "जाऊ नको."

"काऊन?"

मी फळीवरच्या खडूकडंच पाहत राह्यलो. तो हसला अन् गेला.

वहिनी, कोळशाच्या खाणीत मी माइनिंग सरदार होतो. पाळीच्या आधी दिवा घेऊन आत जायचं, गॅस आहे का पाहायचं, मग फळीवर खडूनं तारीख अन् सही टाकायची, हे माह्यं काम. त्या दिवशी अंगात ताप होता. मी आत न जाताच खडू चालवला. तुमच्या मालकानं, माह्या बापूरावभाऊनं सही पाह्यली, मले म्हणाला, "तू पाह्यलं म्हणजे झालं," अन् आत गेला, तो जित्ता परत आलाच नाई. राजदीप तवा पाळण्यात होता. तुम्हाले सगळ्यांनी सांगितलं, गॅस अचानक आला. मी पण तेच सांगितलं.

राजदीपले खाली जाऊन अर्धा तास झाला. गंधकाचा वास वाढून राह्यला.

आता धुरात पिवळी टोपी दिसली. तोच आहे, हात हलवून राह्यला. वर आला की पुन्हा विचारणारच, "काऊन नको म्हणत होते?"

हे पत्र तुम्हाले पाठवायची हिंमत नाई. त्याच्याच हातात देतो.

तुमचा दीर,
हिरामण