पेवाचं तोंड

मौजे पिंपळखेड, ता. बाळापूर
वैशाख वद्य द्वितीया, सन १९४४

चिरंजीव भगवंतास अक्काचे आशीर्वाद.

तुमी सारे अकोल्यात खुशाल असाल. इकडं ऊन असं तापून राहिलं की दुपारी कोंबडंही अंगणात येत नाही. कैऱ्या उतरवल्या. तुझ्या पार्वताले लोणचं आवडते म्हणून एक बरणी वेगळी भरून ठेवली. लेकराच्या खोकल्याले अडुळसा देत जा.

तुझा शिपाई माझ्या जबानीचा कागद घेऊन आला होता. त्याले जेवू घातलं. कागद मात्र सही न करताच परत पाठवून राहिली.

त्यात लिहिलं आहे, ‘कोतवाल नत्थुजी स्वखुशीने पेवात उतरला.’ भगवंता, कोणाची खुशी रे?

लढाई चालू आहे, शहरात लोक उपाशी आहेत, सरकारले ज्वारी पाहिजे. मी नाही कुठं म्हटलं? अंगणातल्या पेवात, जमिनीखाली किती ज्वारी आहे ते खरं सांगितलं. तरी नायब तहसीलदार साहेबानं, म्हणजे तूच, झडती माझ्याच अंगणातून सुरू केली, बहिणीले सोडलं असं कोणी म्हणू नये म्हणून. बरं बाबा, कर. पण पेव उघडल्याबरोबर आत कोणी उतरत नसते, हे तुले काय नवीन होतं? आधी दिवसभर हवा लागू द्यायची, मग कंदील सोडून पाहायचा. तो विझला तर आत पाय टाकायचा नाही. लहानपणी तू काठावर गेला तर बाबांनी कान धरून मागं ओढलं होतं. विसरला?

नत्थुजीनं हात जोडले. “साहेब, आज राहू द्या, आत वाफ कोंडली हाय.” तुले दिवस मावळायच्या आत पुढचं गाव गाठायचं होतं. तू म्हणाला, “उतरत नसशील तर पट्टा काढून ठेव.” कोतवालकी गेली तर तो खाणार काय? मी मधात पडली, तर साऱ्या गावादेखत तू मले म्हणाला, “बाई, सरकारी कामात बोलू नका.”

बाई! तुले कडेवर घेऊन मी अख्खं गाव फिरली रे.

तो उतरला अन् त्याचं प्रेतच दोर बांधून वर काढावं लागलं. आता त्याची बायको तानुबाई रोज येते, पेवाजवळ बसते, अन् उठून जाते. मले तिच्याकडं पाहवत नाही.

मी रागानं लिहून राहिली, खरं आहे. पण रात्रंदिवस एकच मनात येते. सरकार म्हणजे शेवटी कोणीतरी माणूसच ना? त्याची हद्द कुठं संपते? माझ्या दाराशी? नत्थुजीच्या जिवाशी? थांबणं नत्थुजीच्या हातात नव्हतं. तुझ्या हातात होतं.

मंगळवारी अमरावतीहून मोठे साहेब चौकशीले येतील. मले विचारतील तर मी जे पाहिलं ते सांगीन. तुझी नोकरी जाईल, पार्वता माझं तोंड पाहणार नाही, सारं ठाऊक आहे. माझा जीव तुटते. पण माझ्याआधी तू स्वतः सांगावं असं वाटते. जबरदस्ती नाही. नाही म्हणायची मोकळीक तू नत्थुजीले दिली नाही, मी तुले देऊन राहिली.

लोणच्याची बरणी घ्यायले ये. एकटा ये.

ज्या ‘बाई’ले तू गप्प बसवलं, ती तुझी अक्का,
कौशल्या