बाण दिसत नाही

१२ जून, सातारा
आज परत बाण हरवला. माउस गरागरा फिरवला, तरी स्क्रीनवर सापडेना. पतसंस्थेच्या अहवालातली एक ओळ काढायची होती. अंदाजानं निवडली, डिलीट केलं, तर अख्खा परिच्छेद गेला. लगेच कंट्रोल-झेड दाबून परत आणला. प्रेसचे मालक, काका, मागंच उभे. चष्मा बदल म्हणाले. नवा घेऊन दोन महिनेसुद्धा झाले नाहीत, हे मी बोलले नाही.

१५ जून
झोप नाही. सारखा थोरला भाऊ, दादा डोळ्यापुढं. कवठे महांकाळला मेंढरं राखायचा. आधी कडेनं चालणारी मेंढरं दिसेनात, मग सांजेची वाट. चाळिशीच्या आत हातात आंधळ्याची पांढरी काठी. मी पस्तिशीत.
नाही, चष्म्याचंच असेल.

१९ जून
काका जेवायला गेल्यावर माउस बाजूला सारला. कंट्रोल-एफनं शब्द शोधायचा, शिफ्ट दाबून बाणाच्या कळांनी निवडायचा, एंड दाबलं की ओळीच्या टोकाला. कुठं काही हुडकायला नको. बोटांना जागा पाठ आहेत. अहवाल संपवला. चूक नाही.
कुणाला कळणार नाही. पण किती दिवस?

२४ जून
काका खूष. हात लय चालायला लागला म्हणाले. मला चोरी केल्यासारखं वाटलं.
दुपारी लग्नाची पत्रिका आली. फोटो सरकवायला माउस घ्यावाच लागला. नवरीच्या तोंडावर मुहूर्त छापला असता. काकांनी माउस काढून घेतला. थोड्या वेळानं शेजारून हळू आवाज आला,
"सुनीता, माझा हात दिसतोय का गं?"
"कुठला हात?"
वळून पाहिलं. त्यांनी हात माझ्या कानाशेजारी धरला होता.

२९ जून, सांगली
दादाचाच आजार. डोळ्याचा पडदा कडेनं मरत येतो. किती वर्षं, ते डॉक्टरांना सांगता येईना. औषध नाही म्हणाले.
दादा वहिनीसोबत गावाहून आला होता. दवाखान्याच्या बाकावर माझा हात धरून बसला.
"भिऊ नगंस, असं म्हणणार न्हाई मी. मी बी लय भ्यालो. अजून भितो."
तेव्हा कुठं रडू आलं.
निघताना डॉक्टर म्हणाले, मुलीलाही एकदा दाखवा. आर्या नऊ वर्षांची. तिचा विचारच केला नव्हता मी.
संध्याकाळी ह्यांचा फोन, सीमेवरून. चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच सांगितलं.

२ जुलै
काका म्हणाले, मजकूर तू बघ, मांडणी मी करतो. जमेल तवर. त्या शब्दांशीच मी अडकले. पगाराचं विचारायचं धाडस झालं नाही.
घरी आर्या पळत जिना उतरली. हातातलं टाकून मी धावले. काही झालं नाही, नुसती उतरली.

४ जुलै
ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आर्याचं?"
उद्या कळेल म्हटलं. रजा मागतो म्हणाले, मिळेल का माहीत नाही.
सकाळच्या एसटीनं तिला घेऊन सांगली गाठायची. आर्या विचारतेय, शाळेत सुट्टीचं कारण काय सांगू? भाकऱ्या करायच्यात म्हणून उठून स्वयंपाकघरात आले. ती अजून दारात उभी आहे.